आर्म बदलण्याआधी बुश बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी २८ टक्के मोजावे लागत होते ते भाग स्वस्त झाले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्या. भिवंडीतल्या पिकअपमालकाने या दोन्ही बातम्या नक्की वाचल्या असणार. माणसाच्या हाडांची भरपाई ठरली, गाडीच्या हाडांचा खर्च मात्र मालकाच्याच खिशातून जायचा आहे. मग पार्ट स्वस्त झालेच आहेत तर समोरच्या सस्पेन्शनचे आर्म जरा ‘हेवी’ टाकून घ्यावेत, हा विचार मनात येणं साहजिक आहे.

बहुतेकांना उत्तर एकच: टाकू नका.

मुळात आर्म आहे का?

भिवंडीच्या गोदामांतून बाहेर पडणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना हा भाग नसतोच. बोलेरो पिकअप घ्या, छोटा हत्ती म्हणजे टाटा एस घ्या, अशोक लेलँडची दोस्त घ्या. पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं, ड्रायव्हरची कंबर मोडते, पण रचना सोपी आणि दणकट. पाटा तुटला तर पाटा बदलायचा, शॅकलचा बुश गेला तर बुश. गंमत अशी की प्रवासी बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि आर्म आहेत, तर तेच नाव लावणाऱ्या पिकअपला पाटे. तेव्हा दुकानात नुसतं ‘बोलेरोचा आर्म’ म्हणून मागू नका.

आर्म आहेत ते मारुती सुपर कॅरीला, तेही प्रत्येक बाजूला फक्त खालचे. वरचे आणि खालचे असे दोन्ही आर्म इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्सला. मागे मात्र या सगळ्यांनाही पाटेच.

आर्मचं काम थोडक्यात असं: चाकाला वर-खाली मोकळं सोडायचं, पण पुढे-मागे किंवा आत-बाहेर सरकू द्यायचं नाही. त्याचं एक टोक रबरी बुशने चासीला जोडलेलं, दुसरं बॉल जॉइंटने चाकाच्या बाजूला. मधला लोखंडी भाग क्वचितच दगा देतो. झिजतात ती दोन टोकं.

हेवी आर्म कुणाला लागतो?

हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस घेऊन स्प्रिंग बदलून ती दोन-तीन इंच उचलणाऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांच्या बाबतीत वरचा आर्म बदलण्याला खरोखर कारण असतं. गाडी उचलली की आर्म खाली झुकतात. चाक पूर्ण लोंबकळलं की वरचा बॉल जॉइंट आपल्या शेवटच्या कोनाला जाऊन टेकतो, काही गाड्यांत आर्म स्प्रिंगला घासतो. शिवाय कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. बाहेरून येणाऱ्या खास आर्मवर बॉल जॉइंटचा कोन आणि जागा बदललेली असते, त्यामुळे हे कोन पुन्हा जुळवता येतात. म्हणजे हा आर्म उंची वाढवल्यामुळे उभ्या राहिलेल्या अडचणीवरचा इलाज आहे. उंची वाढवलीच नसेल तर इलाज कशावर करायचा? दिवसाला चार खेपा मारून यार्नचे बॉक्स आणि ग्रे कापडाचे तागे पोचवणाऱ्याने जोडीमागे पाच आकडी बिल भरून काय मिळवायचं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

‘हेवी आर्म खड्ड्यात वाकत नाही’ हा विक्रेत्याचा आवडता मुद्दा. मान्य. पण खड्ड्याचा दणका कुठे तरी जाणारच. आर्मने घेतला नाही तर तो चासीच्या ब्रॅकेटवर, बेअरिंगवर, रिमवर जातो. आर्म बदलणं स्वस्त, ब्रॅकेट फाटलेली चासी वेल्ड करणं महाग आणि धोक्याचंही.

सगळा जीव त्या बुशमध्ये

आता ज्या भागाबद्दल कुणी विचारत नाही त्याकडे वळू. बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला जखडते. त्यानंतर आर्म हलतो तो रबराला पीळ देऊनच. आत काहीही गरगर फिरत नाही.

रस्त्याकडेच्या गॅरेजात काय होतं ते नीट बघा. गाडी जॅकवर, चाक काढलेलं, आर्म खाली लोंबलेला. नवा आर्म बसवला, त्याच अवस्थेत पान्याला पाइप लावून बोल्ट कचकचून आवळला, चाक चढवलं, गाडी खाली उतरवली. झालं! गाडी जमिनीवर येताच आर्म वर उचलला गेला आणि रबराला कायमचा पीळ बसला. आता गाडी उभी असतानाही ते ताणलेलं. त्यात माल भरला, त्यात खड्डा आला, की पीळ आणखी वाढतो. वर्षानुवर्षं टिकायचं रबर मग काही महिन्यांत फाटतं आणि शिव्या खातो पार्ट.

योग्य पद्धतीला एक पैसा जास्त लागत नाही. बोल्ट आधी हाताने बसवून ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-तीनदा पुढून दाबून सोडायची आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कने शेवटचं आवळायचं. मिस्त्रीला हे आधी सांगा आणि त्या वेळी तिथे उभे राहा. चहाला नंतर जा.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे बुशही मिळतात. ते कडक असतात, स्टिअरिंग नेमकं वाटतं. पण हादरे केबिनमध्ये जास्त येतात आणि ग्रीस सुकलं की चूं-चूं सुरू. दिवसभर गाडीत बसणाऱ्या ड्रायव्हरवर हा प्रयोग करू नये.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र चालढकल नको. तो निखळला की चाक बाहेर मुडपतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. हायलक्ससारख्या गाडीत जॅक खालच्या आर्मखाली लावून चाक जेमतेम उचला, वर आणि खाली धरून हलवा, दुसऱ्याला जॉइंटकडे बघायला सांगा. खेळ दिसला तर त्याच दिवशी बदला. टायर एकाच कडेने खाल्ला जात असेल किंवा खड्ड्यात कट-कट आवाज येत असेल, तरी तपासणी पुढे ढकलू नका.

पाटे वाढवणाऱ्यांसाठी

ज्यांच्या गाडीला आर्मच नाहीत त्यांची ‘अपग्रेड’ वेगळी: मागे एक-दोन पाटे जास्त टाकणे. हेतू उघड आहे, पावणेदोन टनांच्या गाडीत अडीच टन भरायचे. गाडी बसत नाही म्हणून मालक खूश. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक पूर्वीचेच राहिले. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो, तिथे तर मोठाच घोटाळा होतो. ॲक्सल आणि चासीमधलं अंतर किती कमी झालं यावरून तो व्हॉल्व गाडीतला भार ओळखतो. पाटे कडक केले की गाडी खाली बसत नाही, व्हॉल्वला ती रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना तो ब्रेकचा दाब कमी देतो. म्हणजे भार जास्त आणि ब्रेक कमी. मानकोलीच्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

कायदाही बाजूने नाही. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जादा भाराला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला न्यावीच लागते. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला की दाव्याचा वाद सुरू. मूळ तपशिलाचाच भाग बदलून टाकला तर यातली एकही कटकट नाही.

राहिला रस्ता. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. नागपूरहून आमण्यापर्यंत गाडी झोकात येते आणि भिवंडी-वाडा किंवा अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्याला लागली की पहिल्या पावसातच बुशची परीक्षा सुरू होते. रस्ता बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा खर्च मालकाने हेवी पार्ट घेऊन भागवायचा, ही सवय मोडायला हवी.

तेव्हा हिशेब असा. गाडी उचलली असेल तर वरचे आर्म घ्या, त्यासाठी लागणारी परवानगी आणि विमा आधी तपासा. बाकीच्यांनी मूळ तपशिलाचा आर्म बसवावा, बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळून घ्यावेत, लगेच अलाइनमेंट करावं, टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी आणि आरसीवर लिहिलंय तेवढाच माल भरावा. वाचलेले पैसे पुढच्या पावसाळ्याआधीच्या तपासणीसाठी बाजूला ठेवा.