श्वानपैदास केंद्रांतील अंतःपरजीवी व त्यांचे नियंत्रण

कुत्र्याच्या शरीरात, मुख्यत्वे आतड्यात, राहून त्याच्यावर उपजीविका करणाऱ्या जीवांना त्याचे अंतःपरजीवी म्हणतात. पैदास केंद्रात अनेक कुत्री मर्यादित जागेत राहतात, त्यांत गाभण व व्यालेल्या माद्या असतात आणि नवी पिले सतत जन्मास येत असतात. त्यामुळे एकट्या पाळीव कुत्र्यात किरकोळ ठरणारा संसर्ग येथे ठाण मांडून बसतो. ह्या संसर्गाचे मूळ जमिनीइतकेच पैदाशीच्या मादीच्या शरीरातही असते.

प्रमुख प्रकार व प्रसार : सर्वांत महत्त्वाचा गोलकृमी टॉक्सोकॅरा कॅनिस हा होय. त्याची मादी १८ सेंमी. पर्यंत लांब असून ती रोज सु. एक लाख अंडी घालू शकते. विष्ठेतून पडलेली अंडी अनुकूल हवामानात दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात व मातीत अनेक वर्षे टिकतात. प्रौढ कुत्र्याने ती गिळल्यास त्यांतून निघालेले बहुतेक डिंभ (अळ्या) आतड्यात न वाढता स्नायू व इतर ऊतकांत सुप्तावस्थेत राहतात. कुत्री गाभण राहिल्यावर सु. ४२ व्या दिवसापासून ते सक्रिय होतात आणि वारेतून गर्भाच्या यकृतात शिरतात. काही पुढे दुधावाटेही पिलांस मिळतात. म्हणून स्वच्छ जागेत जन्मलेले पिलूही जन्मतःच बाधित असू शकते. ते तीन-चार आठवड्यांचे होताच त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात.

अंकुशकृमी (अँकिलोस्टोमा कॅनायनम) १ ते २ सेंमी. लांबीचा व रक्तशोषक असतो. पिलांना तो प्रामुख्याने आईच्या दुधातून होतो. ओलसर जमिनीवरील डिंभ त्वचेतूनही शिरतात. चाबूककृमीचा संसर्ग मातीतील अंड्यांपासून, तर डिपिलिडियम ह्या पट्टकृमीचा संसर्ग पिसवा गिळल्याने होतो. ह्यांखेरीज जिआर्डिया व सिस्टोआयसोस्पोरा हे एकपेशीय परजीवी, विशेषतः दूध तुटण्याच्या सुमारास, पिलांत हगवण उत्पन्न करतात.

लक्षणे व निदान : पोट फुगणे, वाढ खुंटणे, केस निस्तेज होणे, खोकला, ओकारीतून वा विष्ठेतून कृमी पडणे ही गोलकृमींची लक्षणे होत. अंकुशकृमींमुळे हिरड्या पांढुरक्या पडतात व विष्ठा काळसर होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच, विष्ठेत अंडी येण्यापूर्वी, पिलू रक्तक्षयाने दगावू शकते. मिठाच्या वा साखरेच्या तीव्र द्रावणात विष्ठा कालवून वर तरंगणारी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मात्र ऊतकांतील सुप्त डिंभ ह्या तपासणीत कळत नाहीत. म्हणून अंडी न आढळलेली मादी कृमिमुक्त आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

उपचार : नेहमीची कृमिनाशके आतड्यातील कृमी मारतात, स्थलांतर करणारे डिंभ त्यांतून बरेचसे वाचतात व मागाहून आतड्यात येतात. ह्यास्तव पिलांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल देतात व त्याच वेळी आईलाही औषध देतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा मात्रा देणे इष्ट असते. प्रत्येक पिलाचे वजन करून मात्रा ठरवावी. गर्भावस्थेच्या ४० व्या दिवसापासून विण्यानंतर १४ व्या दिवसापर्यंत मादीला पशुवैद्याच्या देखरेखीखाली रोज फेनबेंडाझोल दिल्यास पिलांकडे जाणाऱ्या डिंभांची संख्या पुष्कळ घटते. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल देतात. परंतु पिसवांचा नाश न केल्यास संसर्ग पुन्हा होतो. कोली व तत्सम जातींतील काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेची विषबाधा होते.

औषधांचा वारंवार वापर हाही निर्धोक नाही. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तिन्ही प्रमुख औषधगटांना दाद न देणारे अंकुशकृमी आढळल्याचे २०१९ पासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणून उपचारानंतर १० ते १४ दिवसांनी विष्ठा पुन्हा तपासून औषध लागू पडले की नाही हे पाहावे.

प्रतिबंध : विष्ठा रोज उचलावी, त्यामुळे गोलकृमीच्या अंड्यांना संसर्गक्षम होण्यास अवधी मिळत नाही. नेहमीच्या जंतुनाशकांनी ही अंडी मरत नाहीत, परंतु वाफेच्या उष्णतेने मरतात. जमीन काँक्रीटची, उताराची व कोरडी राहणारी असावी. विण्यापूर्वी मादीचे अंग व सड धुवावेत. नव्याने आणलेले कुत्रे तपासणी होईपर्यंत वेगळे ठेवावे. कच्चे मांस व आतडी खाऊ घालू नयेत. साफसफाई लहान पिलांच्या खोलीपासून सुरू करून प्रौढांकडे जावे.

मानवी आरोग्य : मातीतील टॉक्सोकॅराची अंडी मुलांच्या पोटात गेल्यास डिंभ यकृत, फुप्फुसे व क्वचित डोळ्यांपर्यंत पोहोचतात व दृष्टीसही अपाय होतो. पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ह्या विकाराचे कारण स्पष्ट केले. भारतात २०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. म्हणजे पिलू एखाद्या घरात मुलांच्या सहवासात जाण्यापूर्वीच्या मात्रा देणे ही पैदासकाराचीच जबाबदारी ठरते. त्यांची नोंद पिलाबरोबर खरेदीदारास दिल्यास पुढील मात्रा वेळेवर देता येतात.