दयेची माळ कशी चालते

कॅथलिक घरात रोजरीसाठी जी माळ वापरतात तीच दुपारी तीनच्या सुमारास दैवी दयेच्या प्रार्थनेसाठी हातात घेतली जाते. मणी तेच, पाठ मात्र वेगळा. आधी प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासाची कबुली एकेकदा. मग मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचे सर्वस्व पित्याला अर्पण करायचे, कशासाठी, तर आमच्या आणि साऱ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्तासाठी. लहान मण्यावर त्याच्या दुःखसहनाचा हवाला देऊन दया मागायची. दहा-दहा मण्यांचे पाच गट, म्हणजे हे मागणे पन्नास वेळा होते. शेवटी परमेश्वराच्या पवित्रतेचा उच्चार तीनदा, आणि माळ संपते. सगळे मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत. चारजण एकत्र बसले की पुढे म्हणणारा दुःखसहनाची आठवण करून देतो आणि दयेची मागणी बाकीचे उचलतात. कोणाच्या पोराची परीक्षा आहे, कोणाचे ऑपरेशन ठरले आहे, यातले काहीही मण्यांवरच्या शब्दांत येत नाही. ते मनात धरून बसायला मोकळीक आहे, पण शब्द बदलत नाहीत. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की मागणारा स्वतःचे म्हणून काहीच पुढे करत नाही. उपास नाही, दानधर्म नाही, आपल्याला किती पश्चात्ताप झाला आहे हेही नाही. आधार फक्त दुसऱ्याने सोसलेल्या दुःखाचा. देवाजवळ जाण्याची ख्रिस्ती रीत मुळात हीच आहे आणि या माळेने ती हाताला लावून दिली, असे माझे म्हणणे आहे.

ही प्रार्थना ज्या सिस्टर फाउस्तिना कोवाल्स्का यांच्यामुळे रूढ झाली त्या पोलंडच्या. जन्म १९०५ चा, शाळा जेमतेम तीन वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये वाट्याला आलेली कामे स्वयंपाकघराची, बागेची आणि दारावरची. १९३८ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी क्राकूव्हजवळ त्या वारल्या. १३ सप्टेंबर १९३५ ला विल्नामध्ये आलेला अनुभव त्यांनी डायरीत लिहिला आहे. पृथ्वीवर घाव घालायला निघालेला देवदूत त्यांना दिसला. त्यांनी गयावया केली, जग पश्चात्ताप करील असे सांगून पाहिले, पण त्या विनवणीचा काही उपयोग होईना. मग अंतर्यामी ऐकू आलेल्या शब्दांत त्या प्रार्थना करू लागल्या आणि देवदूताचा हात थबकला. हे शब्द माळेवर कसे म्हणायचे ते दुसऱ्या दिवशी कळले. दृष्टांतावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. खुद्द चर्चही अशा खासगी साक्षात्कारांवर विश्वास ठेवण्याची सक्ती करत नाही. मला त्या नोंदीची रचना महत्त्वाची वाटते. जगाच्या सुधारणेची हमी, म्हणजे माणसाच्या बाजूचे भांडवल, तिथे कामाला येत नाही. चालते ते उसने घेतलेले.

पहिला आक्षेप घोकंपट्टीचा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूनेच प्रार्थनेत शब्दांची निरर्थक बडबड करू नका असे बजावले आहे, मग पन्नास वेळा तेच कशाला? पण त्याच मत्तयच्या सव्विसाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तीच प्रार्थना करतो. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही ओव्या देवाच्या अढळ दयेच्या एकाच पालुपदावर येऊन थांबतात. म्हणजे येशूचा रोख पुनरुक्तीवर नव्हता. जास्त बोललो म्हणजे देव ऐकेल या समजुतीवर होता. माळेत तर बोलण्याचे कौशल्य दाखवायला वावच उरत नाही. मन थाऱ्यावर नसले तरी बोट पुढच्या मण्यावर जाते. भावना दाटून येईपर्यंत थांबायचे ठरवले तर कित्येकांची प्रार्थना सुरूच व्हायची नाही. श्रद्धा ही मनाची लहर नसून धरून ठेवायची गोष्ट आहे, हे इथे बोटांनाच शिकवले जाते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. अट्टल पाप्याने ही माळ एकदा म्हटली तरी त्याच्यावर कृपा होईल, असे डायरीत आहे. मग पाप करा, माळ ओढा, मोकळे व्हा! जर्मन धर्मचिंतक डिट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये अशाच स्वस्त कृपेवर कोरडे ओढले होते. हा धोका खरा आहे आणि आश्वासनांची यादी छापून वाटणाऱ्यांनी तो वाढवला आहे, हे कबूल करायला हवे. मात्र खुद्द माळेतच त्याला पाचर मारलेली आहे. सुरुवातीच्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण इतरांना जशी क्षमा केली तशी आम्हाला कर, असे मागावे लागते. शेजाऱ्याशी बांधावरून उभा दावा मांडलेल्या माणसाला ती ओळ अडखळल्याशिवाय ओलांडता येणार नाही. फाउस्तिनांच्या डायरीतही दया कृतीने, शब्दाने आणि प्रार्थनेने दाखवण्याची मागणी आहे. त्यातून सुटका नाही.

चर्चलाही ही भक्ती लगेच पचली नाही. १९५९ मध्ये व्हॅटिकनने फाउस्तिनांनी सांगितलेल्या रूपातल्या भक्तीचा प्रसार थांबवला. बंदी उठली ती एप्रिल १९७८ मध्ये, मूळ कागदपत्रे तपासल्यानंतर. त्याच ऑक्टोबरात क्राकूव्हचे आर्चबिशप कारोल वोयतिवा पोप झाले आणि २००० मध्ये त्यांनीच फाउस्तिनांना संतपद दिले. प्रॉटेस्टंटांची हरकत निराळी आहे: ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि कायमचे झाले असे इब्री लोकांस पत्र सांगते, मग माणूस ते पुन्हा कसे अर्पण करणार? कॅथलिकांचे उत्तर असे की बलिदान नवे नाही, त्याच एका बलिदानाला आपण जोडले जातो. हा वाद जुना आहे, इथे मिटणार नाही. पण त्याच पत्रात कृपेच्या सिंहासनाजवळ धैर्याने या, असे म्हटले आहे आणि तिथे त्या धैर्याचे कारणही दिले आहे: आपल्या दुर्बलतेची जाण असलेला महायाजक. कारण पुन्हा आपल्या बाहेरचेच, आणि इतक्यापुरते तरी दोन्ही पंथ एका बाजूला आहेत.

ही माळ मरणासन्न माणसाच्या उशाशी बसून म्हणण्याची पद्धत आहे. तिथे आजारी माणूस बहुधा एक शब्दही उच्चारू शकत नाही. मणी दुसऱ्याच्या हातात असतात. ज्याच्यासाठी मागायचे त्याचा विश्वास कुठे आहे, असे कोणी विचारील. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात आणि गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. त्या माणसाने तोवर काही बोलल्याची नोंद नाही. येशू त्याला पापक्षमा देतो, ती त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहून.