पगाराचा कायदा आणि दहा मिनिटांची सुनावणी

गावाच्या हद्दीत खाण सुरू व्हावयाची असली किंवा मोठा प्रकल्प उभा राहावयाचा असला, म्हणजे जनसुनावणीची नोटीस निघते, हे आता आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार अशा सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अथवा त्यांचा प्रतिनिधी असतो. गावकरी उभा राहून आपले म्हणणे सांगतो व त्याचे इतिवृत्त तयार होते. जमीन, पाणी, धूळ आणि झाडे यांच्यासंबंधीच्या सुनावणीची आपल्याला अशी सवय झालेली आहे. परंतु सरकारी नोकरांच्या पगारावर मर्यादा घालणारा कायदा होण्यापूर्वी त्यावरही अशी सुनावणी व्हावी, ही कल्पना पुष्कळांस नवी वाटेल. कॅनडा देशातील मॅनिटोबा या प्रांतात अशी सुनावणी २०१७ साली झाली. तिची आणि तिच्यानंतर जे घडले त्याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

हा विषय परदेशातील असला, तरी त्याचे मूळ दुखणे आपल्यालाही ठाऊक आहे. वयोवृद्ध निवृत्तिवेतनधारकांना १९७४ सालचा जुलै महिना आठवत असेल. महागाईने कळस गाठला असता केंद्र सरकारने एक वटहुकूम काढला. त्यानुसार वेतनात होणारी वाढ एक वर्षापर्यंत संपूर्णपणे आणि महागाई भत्त्यातील वाढीचा निम्मा भाग दोन वर्षांपर्यंत सक्तीच्या ठेवीत जमा करावा लागला. ही रक्कम पुढे व्याजासह हप्त्याहप्त्याने परत मिळावयाची होती. परंतु ज्या महिन्यात वाण्याचे देणे भागवावयाचे असते, त्या महिन्यात ती हाती येत नव्हती. वटहुकूम आधी आला, संसदेतील चर्चा मागाहून झाली. ज्यांच्या पगारातून ही कपात व्हावयाची होती, त्यांना त्यापूर्वी कोणी विचारले नव्हते.

आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांची हकीकत याहूनही बोलकी आहे. महामंडळ आणि त्याचे तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी यांच्यात जानेवारी १९७४ मध्ये करार झाला व पगाराच्या १५ टक्के बोनस ठरला. हा करार मार्च १९७७ पर्यंत चालावयाचा होता. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, संसदेने खास कायदा करून बोनसचा तो भाग १ एप्रिल १९७५ पासून रद्द केला. पुढे फेब्रुवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. कर्मचाऱ्यांना आपली बाजू सविस्तर मांडावयास जी जागा मिळाली, ती विधिमंडळाची नव्हे तर न्यायालयाची, आणि तीही कायदा होऊन गेल्यावर.

आता मॅनिटोबाकडे वळू. विनिपेग ही या प्रांताची राजधानी. २०२१ च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा जिल्ह्याइतकी आहे. विधिमंडळास एकच सभागृह असून त्यात ५७ सदस्य आहेत. २०१६ च्या निवडणुकीत ब्रायन पॅलिस्टर यांच्या पक्षास ४० जागा मिळाल्या. अर्थसंकल्पातील तूट कमी करणे हे नव्या सरकारचे मुख्य उद्दिष्ट होते. सरकारी खर्चाचा फार मोठा भाग पगारावर जात असल्यामुळे सरकारची दृष्टी पगाराकडे वळली. २० मार्च २०१७ रोजी २८ क्रमांकाचे विधेयक सभागृहात मांडण्यात आले. त्याचे नाव, मराठीत सांगावयाचे तर, सार्वजनिक सेवा सातत्य विधेयक. नावात पगार हा शब्द नव्हता, आत मात्र सर्व पगाराचाच विषय होता. नव्याने होणाऱ्या करारात पहिल्या दोन वर्षी वाढ शून्य, तिसऱ्या वर्षी पाऊण टक्का व चौथ्या वर्षी एक टक्का, याहून अधिक देता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. सरकारी कचेऱ्या, सरकारी मालकीची महामंडळे, आरोग्यसेवा, शाळा आणि विद्यापीठे या सर्वांना ते लागू व्हावयाचे होते. एक लाखाहून अधिक माणसांच्या उत्पन्नाचा हा प्रश्न होता.

त्या विधिमंडळाची एक चांगली परंपरा आहे. विधेयकाचे दुसरे वाचन झाले की ते समितीकडे जाते आणि समिती कलमवार विचाराला बसण्यापूर्वी जनतेचे म्हणणे ऐकते. बोलू इच्छिणाऱ्याने विधिमंडळाच्या सचिवालयात आपले नाव नोंदवावयाचे असते. वकील लागत नाही, शुल्क पडत नाही, संघटनेचा पदाधिकारी असण्याचीही अट नाही. बैठका बहुधा सायंकाळी सहास सुरू होतात, म्हणजे दिवसाचे काम आटोपून माणसास येता येते. परगावाहून आलेल्यांना प्रथम बोलू देण्याचा प्रघात आहे. प्रत्येकास निवेदनासाठी दहा मिनिटे आणि सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी पाच मिनिटे मिळतात. पुकारा झाला असता कोणी हजर नसेल, तर त्याचे नाव यादीच्या तळाशी जाते; दुसऱ्यांदाही गैरहजर राहिल्यास ते कमी होते. सर्वांची संमती असल्याखेरीज मध्यरात्रीनंतर बैठक चालविता येत नाही. ज्याला येणे शक्य नाही, त्याने लेखी निवेदन पाठवावे. समितीच्या संमतीने तेही कार्यवृत्तात छापले जाते.

यातील एक बारीकसा नियम प्रस्तुत लेखकास विशेष आवडला. कोणीही बोलण्यापूर्वी अध्यक्षांनी त्याचे नाव उच्चारावयाचे असते, मग तो मंत्री असो की रुग्णालयातील सफाई कामगार. नाव उच्चारले की ध्वनिमुद्रण करणारा कर्मचारी त्या व्यक्तीचा ध्वनिक्षेपक सुरू करतो. हेतू केवळ व्यवस्थेचा आहे. परंतु त्यामुळे सामान्य माणसाचे नाव आणि त्याचे शब्द मंत्र्याच्या शब्दांशेजारी, त्याच टंकात, विधिमंडळाच्या कायम दप्तरात जाऊन बसतात. आपल्या ग्रामसभेत कोणी काय म्हटले याची नोंद बहुधा “चर्चा झाली” या दोन शब्दांत उरकते, हे ज्यांनी इतिवृत्ताचे पुस्तक चाळले आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

२८ क्रमांकाच्या विधेयकावरही अशी सुनावणी झाली. संघटनांचे पुढारी आले, तसेच ज्यांच्या पगाराचा प्रश्न होता ते कर्मचारीही आले. त्यांच्या आक्षेपाचा गाभा असा की, पगार हा वाटाघाटीने ठरावयाचा विषय आहे. वाटाघाटीस बसण्यापूर्वीच आकडा कायद्याने ठरत असेल, तर मग बसावयाचे कशासाठी? सरकारची बाजूही पोकळ नव्हती. नोकराचा पगार हा करदात्याच्या खिशातून येतो आणि त्या करदात्यास स्वतःच्या उत्पन्नात वाढीची हमी कोणी देत नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले म्हणजे त्याच्यासाठी चार वर्षांचा करार नसतो. स्वतः पगारदार असल्यामुळे हे वाक्य लिहिताना प्रस्तुत लेखकाचा हात थोडा अडखळला, परंतु ते वगळणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

विधेयक संमत झाले. २ जून २०१७ रोजी त्यास राजप्रतिनिधीची संमती मिळाली. दहा-दहा मिनिटांच्या त्या निवेदनांनी बहुमताचा आकडा हलला नाही, आणि सुनावणीने तो हलतोच असे मानणाऱ्याची निराशा व्हावी अशीच ही गोष्ट आहे. मात्र पुढे एक चमत्कारिक प्रकार घडला. कायदा अमलात आणण्याची जी औपचारिक उद्घोषणा करावी लागते, ती सरकारने कधीच केली नाही. तरीही उद्घोषणा होताच त्याचा अंमल मागील तारखेपासून होणार असल्यामुळे, आस्थापनांनी करार करताना त्याच्या मर्यादा पाळल्या. भिंतीवर टांगलेल्या छडीने वर्गात शांतता राहावी, तसा हा प्रकार होता.

संघटनांनी न्यायालयाची पायरी चढली. जून २०२० मध्ये न्यायमूर्ती जोन मॅकेल्वी यांनी हा कायदा संघटनस्वातंत्र्याच्या घटनात्मक हक्काचा भंग करणारा ठरविला. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. ठराविक मुदतीपुरता, सर्वांना सारखा लागू होणारा आणि पगाराखेरीज इतर विषयांवर वाटाघाटीस वाव ठेवणारा असा वेतनमर्यादेचा कायदा घटनेच्या चौकटीत बसू शकतो, असा त्याचा आशय होता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनांना अपिलाची परवानगी नाकारली. त्यापूर्वीच, २०२१ च्या अखेरीस, तो कायदा विधिमंडळाने रद्द केला होता.

याच खटल्यात आणखी एक प्रश्न होता आणि शिक्षकवर्गाने तो आवर्जून वाचावा असा आहे. २०१६ च्या शरद ऋतूत मॅनिटोबा विद्यापीठ आणि तेथील प्राध्यापकांची संघटना यांच्यात वाटाघाटी चालू होत्या व विद्यापीठाने चार वर्षांच्या वाढीचा प्रस्ताव मांडलेला होता. अशा वेळी सरकारने विद्यापीठास कळविले की, एक वर्ष वाढ देऊ नये, आणि ही सूचना आम्ही केली आहे हे संघटनेस सांगूही नये. विद्यापीठाने प्रस्ताव मागे घेतला, नोव्हेंबर महिन्यात तीन आठवडे संप झाला. हा गुप्त हस्तक्षेप घटनेचा भंग करणारा होता, असे न्यायमूर्ती मॅकेल्वी यांनी ठरविले आणि हा भाग अपील न्यायालयानेही कायम ठेवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने संघटनेस १ कोटी ९३ लाख डॉलर भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

म्हणजे उघडपणे मांडलेला, ज्यावर लोक रात्री उशिरापर्यंत येऊन बोलू शकले, असा कायदा अखेर न्यायालयात टिकला. आणि बंद दाराआड दिलेली एका वर्षाची सूचना टिकली नाही, उलट कोट्यवधींना पडली. सुनावणी झाली म्हणून कायदा टिकला असे मात्र येथे म्हणावयाचे नाही. न्यायालयाची कारणे निराळी होती, ती वर दिली आहेत. परंतु दोन्ही मार्गांतील फरक कोणाही प्रशासकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सुनावणी आणि वाटाघाट या एक नव्हेत. सुनावणीत एक पक्ष बोलतो व दुसरा ऐकतो. ऐकणाऱ्यावर मान्य करण्याचे बंधन नसते. वाटाघाटीत दोघांनाही थोडे थोडे सोडावे लागते. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जानेवारी २००२ मध्ये आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांच्या करारातील शर्ती मोडणारा कायदा मांडल्यापासून तीन दिवसांत संमत केला. संघटनेशी विचारविनिमय म्हणून काय झाले होते? विधेयक सभागृहात जाण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात दूरध्वनीवर थोडेसे बोलणे, आणि तेही सरकार काय करणार आहे हे सांगण्यापुरते. जून २००७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील महत्त्वाची कलमे रद्द ठरविली आणि सामुदायिक वाटाघाटीस घटनेचे संरक्षण आहे असे प्रथमच स्पष्ट केले. शेजारच्या आँटेरिओ प्रांताने २०१९ साली तीन वर्षांसाठी वर्षाला एक टक्का अशी मर्यादा घातली. तेथेही समितीपुढे लोकांचे म्हणणे ऐकले गेले होते, तथापि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो कायदा न्यायालयाने रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने संघटित कर्मचाऱ्यांपुरता तो निर्णय उचलून धरला आणि त्याच महिन्यात सरकारने कायदा मागे घेतला. एकाच देशातील दोन शेजारी प्रांत, मागणी जवळजवळ सारखीच, आणि निकाल परस्परविरुद्ध!

आपल्याकडे असा प्रसंग क्वचितच येतो, त्याचे कारण आपल्या घटनेच्या रचनेत आहे. अनुच्छेद ३०९ च्या परंतुकान्वये राज्यपालांना शासकीय सेवेच्या शर्तींसंबंधी नियम करता येतात. त्यामुळे पगाराचे बहुतेक निर्णय नियमांनी व शासन आदेशांनी होतात, विधेयकाच्या रूपाने सभागृहापुढे येत नाहीत. वेतन आयोग संघटनांकडून निवेदने मागवितो हे खरे, परंतु तो शिफारस करणारा आयोग असतो.

तरीही विधेयक आलेच, मग ते पगाराचे असो वा अन्य कशाचे, तर म्हणणे मांडण्याची दारे अगदीच बंद नाहीत. केंद्र सरकारने २०१४ साली ठरविलेल्या धोरणानुसार प्रत्येक मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा, त्याची कारणे व आर्थिक परिणाम यांसह किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा अशी अपेक्षा आहे. हे धोरण केंद्रापुरते आहे व त्याचे पालन सर्वदा होते असे नाही. संसदेच्या स्थायी समित्या आपल्याकडे आलेल्या विधेयकांवर वृत्तपत्रांतून निवेदने मागवितात. राज्याच्या विधानसभेतही विधेयक प्रवर समितीकडे सोपविण्याचा किंवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करण्याचा ठराव मांडता येतो. अशा प्रसंगी निवेदन करणाऱ्याने आपले नाव, गाव व पूर्ण पत्ता लिहावा, ज्या कलमासंबंधी म्हणणे असेल त्याचा क्रमांक द्यावा, आणि त्यातील कोणते शब्द काढून कोणते घालावेत हे सांगावे. “सदर कायदा अन्यायकारक आहे” एवढेच लिहिलेल्या पत्राची नोंद होते, परंतु समितीच्या टिपणीत त्याचे काय करावे हे कारकुनास उमगत नाही.