गाडीचा ए.सी. आणि 'संपलेला' गॅस

एप्रिल-मे महिन्यांत ए.सी. दुरुस्तीच्या दुकानांपुढे मोटारींची रांग लागते. बहुतेकांची तक्रार एकच असते : पंखा चालतो, हवा येते, पण ती गार नसते. उत्तरही बहुधा एकच मिळते : "गॅस संपलाय, भरून घ्या." गॅस भरला की हवा गार होते, मालक पैसे देऊन समाधानाने जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधी पुढच्या महिन्यातच, तीच गाडी पुन्हा रांगेत दिसते.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडायला हवा. पेट्रोल संपते, कारण ते जळते. ए.सी.मधला गॅस कशात खर्च होतो? तो कशातच खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस गोल गोल फिरत असतो. रबरी नळ्यांतून अगदी थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतो हे खरे. पण एकाच मोसमात गॅस 'संपला' असेल, तर तो कोठून तरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

उष्णतेची ने-आण

ए.सी. थंडी तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम करणाऱ्या पदार्थाला आपण शीतक म्हणू. गेल्या काही दशकांतल्या असंख्य मोटारींत आर-१३४ए हे शीतक आहे. नेहमीच्या वातावरणीय दाबाला ते उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. दाब वाढवला की उत्कलनबिंदूही वाढतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या वर जाऊन उकळते, त्यातलाच हा प्रकार.

डॅशबोर्डच्या मागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये शीतकाचा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. या दाबाला ते शून्य अंशाच्या आसपास उकळते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा गाडीतल्या हवेतून घेते. हवा गार होते. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि तिचा दाब वातावरणाच्या सुमारे पंधरा पट करतो. या दाबाला शीतकाचा उत्कलनबिंदू ५५ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हातही बाहेरची हवा त्याच्यापेक्षा गारच ठरते! गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये वाफ आपली उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि पुन्हा द्रव होते. हा द्रव एक्स्पान्शन वॉल्व्हच्या अरुंद वाटेतून पुढे जातो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हे चक्र नीट समजले, की बिघाड कोठे आहे याचा तर्क करता येतो.

हात, कान आणि डोळे

कोणतेही उपकरण न वापरता बरेच काही कळते.

पहिला प्रश्न : हवा पुरेशा जोराने येते का? जोर कमी असेल, तर हवेचा फिल्टर धुळीने भरलेला असू शकतो किंवा पंखा बिघडलेला असू शकतो. सुरुवातीला हवा जोरात येऊन तासाभराने मंदावत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याचा संभव आहे. नुसता फिल्टर भरलेला असेल, तर गॅस भरून काहीही होणार नाही.

दुसरा प्रश्न : कॉम्प्रेसर चालू होतो का? बऱ्याच गाड्यांत ए.सी.चे बटण दाबल्यावर विद्युतचुंबकी क्लच बसल्याचा 'टक्' असा आवाज येतो. तो आला नाही, तर फ्यूज, रिले, वायर किंवा क्लचची कॉइल तपासावी. गॅस फार कमी असला, तरी दाबावर चालणारा स्विच कॉम्प्रेसरला बंदच ठेवतो, कारण गॅसबरोबर फिरणारे वंगणतेल पोचले नाही तर कॉम्प्रेसर जाम होईल. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो आणि विजेच्या मोटारींत कॉम्प्रेसर स्वतंत्र मोटरवर चालतो. तेथे आवाजाची ही खूण उपयोगाची नाही.

तिसरा प्रश्न : गाडी पळताना हवा गार आणि सिग्नलला थांबली की कोमट, असे होते का? पळत्या गाडीत कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्याने द्यावा लागतो. तेव्हा पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा.

चौथी गोष्ट गाडीखालच्या पाण्याची. दमट दिवसात गाडीखाली थेंब थेंब पाणी पडणे हा बिघाड नव्हे. गार कॉइलवर हवेतली वाफ सांद्रित होते, तेच हे पाणी. ते गाडीत पायांपाशी साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजावे.

दोन गेज काय सांगतात

यापुढची तपासणी जाणकार मेकॅनिकची. तो निळा गेज कमी दाबाच्या बाजूला आणि लाल गेज जास्त दाबाच्या बाजूला जोडतो. चालू यंत्रणेत दोन्ही दाब कमी दिसले, तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा. दोन्ही जास्त असले, तर कंडेन्सरला वारा मिळत नाही, गॅस जादा भरला आहे किंवा आत हवा शिरली आहे. निळ्यावर जास्त आणि लालवर कमी दाब असेल, तर कॉम्प्रेसरची दाबण्याची ताकद गेली आहे. निळा काटा शून्याच्याही खाली जात असेल, तर वाट कोठेतरी अडली आहे. बहुधा एक्स्पान्शन वॉल्व्हपाशी. बाहेरच्या तापमानाप्रमाणे हे दाब बदलतात, म्हणून आकडा वाचताना हवामानही विचारात घ्यावे लागते.

बंद गाडीतल्या दाबावरून मात्र किती गॅस शिल्लक आहे ते कळत नाही. घरातला गॅस सिलिंडर आठवा. तो अर्धा असो वा पाव, जोवर आत थोडा द्रव शिल्लक आहे, तोवर दाब केवळ तापमानावर ठरतो आणि शेगडीची ज्योत तशीच राहते. किती उरला हे पाहायचे, तर सिलिंडर तोलावा लागतो. ए.सी.चेही तसेच. म्हणून गॅस दाब पाहून अंदाजाने भरायचा नसतो. कारखान्याने नेमून दिलेल्या वजनाइतकाच काट्यावर मोजून भरायचा असतो. लहान मोटारीत तो साधारण अर्धा किलो असतो.

दुरुस्ती म्हणजे काय

पहिले काम गळती शोधण्याचे. गॅसबरोबर तेल बाहेर येते, म्हणून सांध्यावर तेलकट, धूळ बसलेला डाग दिसला की तेथे शंका घ्यावी. समोरून उडालेल्या खड्यांनी कंडेन्सरला भोक पडते, सांध्यांमधल्या रबरी चकत्या कडक होतात, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील झिजते. यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला, की मोठी गळती बुडबुड्यांनी उघडी पडते. बारीक गळतीसाठी अतिनील प्रकाशात चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरतात. नायट्रोजनऐवजी साधी दाबलेली हवा कधीही वापरू नये : तिच्यासोबत दमटपणा आत जातो, शिवाय दाबाखाली हवा आणि आर-१३४ए यांचे मिश्रण पेट घेऊ शकते.

खराब भाग बदलल्यावर, उघडी राहिलेली यंत्रणा असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलतात. नंतर व्हॅक्यूम पंप लावतात. तो केवळ हवा काढण्यासाठी नव्हे. पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर दाबाला पाणी ३० अंशांनाच उकळते. पंप दाब याच्याही पुष्कळ खाली नेतो आणि आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. हा ओलावा राहिला, तर तो वॉल्व्हमध्ये गोठून वाट अडवतो आणि तेल व शीतक यांच्याबरोबर आम्ले तयार करून धातू खातो. घाईच्या दुरुस्तीत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

गळलेला गॅस जातो कोठे?

जुन्या गाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्लुओरोकार्बन असे. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर असे वायू टप्प्याटप्प्याने बंद होत गेले, आणि १९९५ साली या दोघांना पॉल क्रुट्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १३०० किलोंहून कमी नाही. म्हणजे अर्धा किलो गॅस सोडून देणे हे ६५० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे धरले तर ही २८० लिटर पेट्रोलची बरोबरी झाली! अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. आर-१२३४वायएफ या नव्या शीतकाचा तापवणारा परिणाम अगदी अल्प आहे, पण ते सौम्य ज्वलनशील असल्याने हाताळणीत जास्त काळजी लागते.

म्हणून दुरुस्तीआधी आतला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून साठवावा, असा आग्रह ग्राहकाने धरावा. स्वतः सांधे सोडण्याचा प्रयोग मात्र आम्ही कोणालाही सुचवणार नाही. उडालेले शीतक त्वचा गोठवते आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकते.

वर्गात करून पाहा

१. तळहातावर स्पिरिटचे दोन थेंब टाकून फुंकर घाला. हात गार का पडतो? याची तुलना कूलिंग कॉइलशी करा.

२. सायकलचा पंप, तोंड बोटाने दाबून, पंधरा-वीस वेळा मारा आणि नळकांड्याचे खालचे टोक चाचपून पाहा. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी गरम का असते?

३. एका गाडीत महामार्गावर हवा गार येते, गावात शिरताच कोमट होते. मालकाला गॅस भरण्याचा सल्ला मिळाला आहे. विद्यार्थ्यांनी त्याला कोणता भाग आधी तपासायला सांगावा, आणि का?