धर्मग्रामासाठी कॅमेरा निवडताना

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील चौकाचे गाव. येथून एका बाजूस नागझिरा, तर दुसऱ्या बाजूस नवेगाव बांध. ही दोन्ही अरण्ये २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात एकत्र आली. अशा परिसरात येणाऱ्या भाविकांचा कॅमेरा रविवारी वेदीसमोर असतो आणि सुट्टीत युवकांच्या सहलीबरोबर रानात जातो. या दोन्ही कामांसाठी लहान व हलका कॅमेरा कसा निवडावा, याचा येथे विचार करू.

हलक्या कॅमेऱ्याची गरज नवी नाही. जर्मनीतील लाइट्झ कारखान्याचे अभियंता ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा विकार होता. काचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा वाहणे त्यांना जड जाई. त्यांनी घडविलेला खिशात मावणारा कॅमेरा १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि छायाचित्रणाची रीतच पालटली.

आपल्यासाठी मात्र वजनापेक्षाही मोठा प्रश्न पवित्र मिस्साबलिदानाच्या गांभीर्याचा आहे. छायाचित्रे घेतल्यामुळे उपासनेत, विशेषतः मिस्सेत, व्यत्यय येऊ नये आणि योग्य कारण असेल तेव्हाही ती अत्यंत संयमाने घ्यावीत, असे ख्रिस्तसभेने १९६७ सालच्या ‘युकॅरिस्टिकुम मिस्तेरियुम’ या सूचनापत्रात सांगितले आहे. अंतःकरणे उंचावण्याच्या क्षणी मोबाईल उंचावले जातात, याबद्दल पोप फ्रान्सिस यांनीही नोव्हेंबर २०१७ मध्ये खंत व्यक्त केली होती. म्हणून आवाज न करणारा आणि कोणाच्या दृष्टीआड न येणारा कॅमेरा ही आपली पहिली कसोटी ठरावी.

आरसा नसलेले ‘मिररलेस’ कॅमेरे या कसोटीला बहुधा उतरतात. त्यांतील अनेकांत आवाजविरहित शटरची सोय असते. मात्र ट्यूबलाइट किंवा एलईडी दिव्यांखाली या शटरमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. त्यामुळे सणाच्या आधी रिकाम्या चर्चमध्ये चाचणी घेणे शहाणपणाचे.

सेन्सर जितका लहान, तितकी भिंगे सहसा हलकी. ‘फुल फ्रेम’ सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, तर ‘मायक्रो फोर थर्ड्स’ सेन्सर सुमारे १७ × १३ मिलिमीटरचा असतो. दुसऱ्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग पहिल्यावरील ६०० मिलिमीटरइतके दूरचे दृश्य जवळ आणते. सिग्माचे १५०-६०० मिलिमीटरचे एक प्रचलित भिंग जवळजवळ दोन किलोंचे आहे. ऑलिम्पसचे ७५-३०० मिलिमीटरचे भिंग अर्ध्या किलोहूनही कमी. एस.टी.ने कोहमाऱ्याला उतरून पुढे जंगल गाठणाऱ्याला हा फरक खांद्यावर जाणवतो. परंतु हलकेपणाची किंमतही मोजावी लागते: असे भिंग कमी प्रकाश आत घेते, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र खरखरीत येते. ज्यांना प्रामुख्याने पहाटेचे वन्यजीवन टिपायचे आहे, त्यांनी जड भिंगाचाच विचार करावा.

चर्चमध्ये तर फ्लॅश टाळायचाच असतो. तेथे एफ/१.८ चे लहान स्थिर भिंग उपयोगी पडते. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूम भिंग लांब टोकाला सहसा एफ/५.६ इतकेच उघडते; त्याच्या तुलनेत हे भिंग सुमारे दहापट प्रकाश घेते. ऑलिम्पसचे ४५ मिलिमीटरचे असे भिंग अवघ्या ११६ ग्रॅमचे आहे. बाकाच्या टोकाला एकाच जागी उभे राहून प्रथम कम्युनियन घेणाऱ्या मुलांचे चेहरे त्याने टिपता येतात.

तेव्हा धर्मग्रामासाठी एक मिररलेस कॅमेरा, चर्चसाठी एक लहान स्थिर भिंग आणि सहलीसाठी एक हलके झूम भिंग इतका संच पुरेसा आहे. खरेदीपूर्वी तो हातात धरून पाहावा. शक्य असल्यास एक दिवस उसना घेऊन वापरावा. जुने भिंग घेताना आतील बुरशी अवश्य तपासावी. पावसाळ्यात संच कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा.

मिस्सेपूर्वी धर्मगुरूंची परवानगी घ्यावी आणि कोठे उभे राहायचे ते ठरवावे. ठरलेली मोजकी छायाचित्रे झाली की कॅमेरा पिशवीत ठेवून आपणही प्रार्थनेत सहभागी व्हावे. छायाचित्रकार हाही त्या मिस्सेतील एक भाविकच आहे, हे आपण विसरू नये.