घरातील धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनरची निवड

सौंसर-पांढुर्णा परिसरातील धुळीला ऋतुमानाप्रमाणे निरनिराळी रूपे येतात. उन्हाळ्यात वावरातील काळ्या मातीची भुकटी वाऱ्याबरोबर उंबरठा ओलांडून आत येते. पावसाळ्यात तीच माती पावलांना चिकटून घरात शिरते, वाळते आणि पुन्हा उडू लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरी येऊ लागला की त्याचे बारीक तंतू कोनाड्यांपासून कपाटांच्या माथ्यापर्यंत जाऊन बसतात. जुन्या कवेलूच्या घरांत या सर्वांच्या जोडीला छपरातून झरणारी माती असतेच. या धुळीशी आजवर आपल्या घरांतील स्त्रियांनी फडा, केरसुणी आणि ओले फडके एवढ्याच आयुधांनी सामना दिला. महालक्ष्म्या किंवा दिवाळी जवळ आली की नाकावर पदर बांधून माळ्यावर चढलेली गृहिणी हे दृश्य आपल्यापैकी कोणास अपरिचित आहे?

आता या आयुधांत व्हॅक्यूम क्लीनरची भर पडू लागली आहे. पूर्वी तो पाहण्यासाठी नागपूर गाठावे लागे. आज मोबाईलवर मागणी नोंदविली की तो सौंसरलाही घरपोच येतो. वस्तू सुलभ झाली खरी, पण निवड त्यामुळे सोपी झालेली नाही. हौसेने घेतलेले यंत्र चार महिन्यांत खोक्यासह माळ्यावर गेल्याची उदाहरणे ओळखीच्या घरांत सहज सापडतील. असे का होते आणि ते कसे टाळता येईल, याचा येथे थोडा विचार करू.

यंत्राचा जन्म

लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एक यंत्र पाहिले. ते हवेच्या झोताने धूळ उडवून देत असे. धूळ उडविण्याऐवजी ती शोषून का घेऊ नये, असा प्रश्न त्याला पडला. खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालावर धूळ जमली. या कल्पनेतून १९०१ साली त्याने जे यंत्र उभे केले, ते एवढे अवजड होते की घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभे करीत आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत.

घरात हाताने फिरविता येईल असे यंत्र लोकप्रिय झाले ते अमेरिकेत. ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. त्याला दम्याचा विकार होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. पंख्याची मोटर, लाकडी खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून त्याने स्वतःपुरता उपाय शोधला. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढे हूव्हर कुटुंबाने ते विकत घेऊन मोठा उद्योग उभारला. हे यंत्र झाडणाऱ्याच्या खोकल्यातून जन्मले, ही गोष्ट निवड करताना विसरू नये.

भारतात या यंत्राचा परिचय मध्यमवर्गीय घरांना खऱ्या अर्थाने झाला तो १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीमुळे. घरोघर जाऊन, दिवाणखान्यातच प्रात्यक्षिक करून दाखविण्याची विक्रीपद्धती तिने रूढ केली.

केरसुणीला काय जमत नाही?

पाश्चात्य घरांत जमीन गालिच्याने झाकलेली असते. गालिच्यात रुतलेली धूळ झाडूने निघत नाही, म्हणून तेथे यंत्राला पर्याय नव्हता. आपल्याकडे शहाबादी फरशी, मोझेक किंवा टाइल असते. अशा जमिनीवरील जाड केर झाडूने काही मिनिटांत निघतो आणि मागे राहिलेली बारीक धूळ ओल्या फडक्याने उत्तम टिपली जाते. तेव्हा रोजच्या जमिनीसाठी म्हणून यंत्र घेणाऱ्याची बहुधा निराशा होते. नळी जोडा, वायर सोडा, खोलीभर यंत्र ओढा, एवढा खटाटोप करून जे साधते, ते झाडूने आधीच साधलेले असते. सारवलेल्या जमिनीवर तर यंत्र चालवूच नये. ते पोपडे ओढून काढील.

मग यंत्राचा खरा उपयोग कोठे? जेथे झाडू धूळ काढण्याऐवजी उडवितो तेथे. गाद्या, उशा, सोफा, पडदे, पुस्तकांची कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या, माळा आणि सागवानी तुळयांवरील जळमटे ही ती स्थाने होत. कोरडे झाडताना उडालेले अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसात उतरतात. कापसाच्या गादीत तर डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वस्ती करून असतात. माणसाच्या त्वचेच्या गळून पडलेल्या कोंड्यावर ते जगतात आणि त्यांची विष्ठा दमेकऱ्यांना त्रासदायक ठरते. गादी झटकली की हे सारे खोलीभर पसरते. यंत्राने ते पुष्कळ अंशी पिशवीत जाते.

घरात दम्याचा रोगी असेल तर हा लाभ मोठा आहे, परंतु यंत्र म्हणजे औषध नव्हे. ते चालू असतानाही काही धूळ उठतेच; म्हणून त्या वेळी व त्यानंतर काही काळ रोग्याने त्या खोलीत थांबू नये. अभ्रे-चादरी कडक पाण्यात धुणे आणि वैशाखाच्या उन्हात गाद्या तापविणे हे आपले जुने उपाय यंत्र आल्यावरही सोडू नयेत.

कोणत्या घराला कोणते यंत्र?

बाजारात आज मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार नळीचा, जमिनीवर ओढत न्यावयाचा. गाद्या, सोफा, पडदे आणि उंचावरील जळमटे या सर्वांना तो पुरा पडतो. दोन-तीन खोल्यांच्या सर्वसाधारण कुटुंबास हाच अधिक सोयीचा. घेताना नळी आणि दांडा मिळून छतापर्यंत पोहोचतात का, वायर निदान चार-पाच मीटर आहे का, आणि गादीसाठी वेगळे तोंड सोबत मिळते का, हे पाहावे.

दुसरा प्रकार मोठ्या डब्याचा, ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारा. मोठा वाडा, दुकान किंवा दारात मोटारगाडी असेल तर तो उपयोगी. आपल्याकडील एक खास काम तो चांगले करतो: उन्हाळा संपताना कूलरच्या टाकीत साचलेला गाळ आणि पाणी तो ओढून घेतो. मात्र पाणी ओढण्यापूर्वी आतील कागदी पिशवी व कोरडे फिल्टर काढून ठेवावे लागतात. केवळ सुक्या कचऱ्याच्या यंत्राने पाणी ओढणे म्हणजे मोटर जाळण्याची हमीच. या प्रकारात हवा फुंकण्याचीही सोय असते. तिचा उपयोग अंगणातच करावा, घरात नव्हे.

तिसरा प्रकार बिनवायरीचा, काठीसारखा. तो हलका असतो आणि भिंतीला टांगून ठेवता येतो, म्हणून हाताशी राहतो व वापरलाही जातो. गुडघे-पाठीच्या दुखण्यामुळे वाकता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो मानवतो. पण पूर्ण जोरावर त्याची बॅटरी थोड्याच मिनिटांत उतरते आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. ती बदलता येते का आणि तिची किंमत काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

चौथा प्रकार आपोआप फिरणाऱ्या यंत्राचा, ज्यास रोबो म्हणतात. एकसारख्या टाइलच्या सदनिकेत तो रोजची धूळ ठीक उचलतो. परंतु आपल्या जुन्या घरांचे उंच उंबरठे तो ओलांडू शकत नाही, गादीवर चढत नाही, आणि देवघरापुढील रांगोळी व केर यांतील भेद त्यास कळत नाही!

आकड्यांची भाषा

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत वॉटचा आकडा असतो. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते त्याचे माप. ते धूळ किती ओढते त्याचे नव्हे. युरोपीय संघाने २०१४ साली घरगुती यंत्रांवर १६०० वॉटची आणि २०१७ साली ९०० वॉटची मर्यादा घातली. अधिक वॉट म्हणजे अधिक सफाई हा समज किती पोकळ आहे, हे यावरून दिसते. ओढण्याची शक्ती निराळ्या मापांनी देतात. किलोपास्कल हे त्यांतील नेहमीचे. पण तो आकडाही रिकाम्या पिशवीचा व स्वच्छ फिल्टरचा असतो, हे ध्यानी घ्यावे.

फिल्टर हा भाग त्याहून महत्त्वाचा. यंत्र पुढून धूळ ओढते आणि मागून हवा सोडते. फिल्टर निकृष्ट असेल तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. म्हणजे यंत्र केवळ महागडा पंखा ठरते. ‘हेपा’ दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवितो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. दमेकरी असलेल्या घराने याबाबत तडजोड करू नये, आणि खोक्यावर ‘हेपासारखा’ असे लिहिले असेल तर तो हेपा नव्हे, हे ओळखावे.

पिशवीचे यंत्र चांगले की बिनपिशवीचे, हा नेहमीचा वाद. बिनपिशवीच्या यंत्रात पिशव्यांचा खर्च वाचतो, पण डबा रिकामा करताना धूळ तोंडावर येते. दमेकऱ्याच्या घरी पिशवीच बरी. ती बांधून तशीच टाकता येते. धुण्याजोगा फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. पावसाळ्यात आपल्याकडे तो दोन-दोन दिवस ओलसर राहतो, म्हणून एक जादा फिल्टर घरात असावा. सिमेंट, चुना किंवा विझत आलेले निखारे यंत्राने कधीही ओढू नयेत. पहिल्या दोहोंनी फिल्टर बुजतो आणि तिसऱ्याने आग लागते.

वीज आणि दुरुस्ती

१००० वॉटचे यंत्र तासभर चालले तर एक युनिट वीज लागते. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास वापर धरला तर महिन्याला सुमारे चार-साडेचार युनिटे होतात. हा खर्च जड नाही. काळजी घ्यावयाची ती जुन्या वायरिंगची. मोठे यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावे आणि ओले काम करताना अर्थिंग तपासून घ्यावे. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर ते चालविण्याचा मोह टाळावा. बहुतेक इन्व्हर्टरांना तो भार पेलत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र गावाबाहेर नेणारा आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. तरी अशा यंत्राचे सुटे भाग शोधावयाचे झाल्यास बहुधा नागपूर किंवा छिंदवाडा हीच दिशा धरावी लागते. सौंसर त्या वाटेवर दोहोंच्या साधारण मध्यावर आहे. म्हणून ज्या कंपनीचे सेवाकेंद्र या दोहोंपैकी एका शहरी आहे, तिचेच यंत्र घ्यावे, मग ते चार पैशांनी महाग का असेना. फिल्टर, पिशवी, नळी आणि मोटरचे कार्बन ब्रश कोठे व किती किमतीला मिळतात, एवढे चार प्रश्न विक्रेत्यास विचारले की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

निवड कोणी करावी?

अनेक घरांत यंत्राची निवड पुरुष मंडळी करतात आणि ते चालवितात सासू, सून किंवा कामाला येणारी बाई. ज्यांना रोज ते उचलावयाचे आहे, त्यांना वजन पेलते का, आवाज सोसतो का, डबा उघडता येतो का, हे कोणी विचारीत नाही. आणि यंत्र माळ्यावर जाण्याचे खरे कारण बहुतेक वेळा हेच असते. दुकानात नेले पाहिजे ते त्यांना. प्रात्यक्षिक दाखवावयास विक्रेता घरी आला तर त्याने आणलेली भुकटी सतरंजीवर टाकून ओढण्याचा खेळ पुरे करण्यास सांगावे आणि आपल्या घरातील सर्वांत जुनी गादी पुढे करावी. कामाच्या बाईलाही ते वापरावयास शिकवावे. धूळ तिच्याही छातीत जाते, आणि यंत्र आले म्हणून तिचे काम जाणार नाही, हा विश्वास तिला देणे हे आपले कर्तव्य आहे.

ज्या घरात गालिचा नाही, दमेकरी नाही आणि गाद्या नियमाने उन्हात पडतात, त्या घराने यंत्र न घेतल्यास काहीही बिघडत नाही. नाकाला पट्टी आणि हाती ओले फडके एवढ्याने तेथे भागते. ज्यांना गरज आहे त्यांनी मात्र घरातील गाद्या, पडदे, उंबरठे आणि सॉकेट एकदा नीट पाहून घ्यावेत, मग यंत्र पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे पैशाला जितकी लागू आहे तितकीच अंथरुणालाही. आणि यंत्र आले तरी लक्ष्मीपूजनाला आपल्या घरी केरसुणीचीच पूजा व्हावी; रोजच्या जमिनीचा भार अजूनही तीच वाहणार आहे.