मूठ वळली की बोटं फाकत का नाहीत?

मित्रहो, मागच्या वेळी आपण मनगट पाहिलं, आज तिथून पुढे जाऊ. मूठ वळा आणि वरचे चार उंचवटे बघा. 31 दिवसांचे महिने आपण शाळेत यांच्यावरच मोजले. पण उंचवटा म्हणजे सांधा नव्हे. ते तळहातातल्या लांब हाडाचं, करभास्थीचं, गोल डोकं आहे. सांध्याची फट त्याच्या किंचित पुढे असते. हात उलटा केलात तर हाच सांधा बोटाच्या मुळाशी दिसणाऱ्या घडीत नाही, तर बराच मागे, तळव्यात सापडेल.

आता एक प्रयोग करू. बोटं सरळ ठेवून फाका. सहज फाकतात. आता फक्त या उंचवट्यांपाशी काटकोनात वाका, पुढची पेरं सरळच ठेवा आणि पुन्हा फाकून बघा. जेमतेम हलतात, हो ना?

याचं कारण त्या डोक्याच्या आकारात आहे. ते चेंडूसारखं गोल नाही, तळव्याच्या बाजूला जास्त फुगलेलं आणि रुंद आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट असतात. बोट सरळ असताना ते सैल असतात, म्हणून बोट डावीउजवीकडे जातं. बोट वाकलं की त्यांना त्या फुगवट्यावरून जावं लागतं आणि ते ताणले जातात. म्हणूनच उघडा हात मोठा चेंडू कवेत घेतो आणि वळलेल्या मुठीत हातोडीचा दांडा घट्ट बसतो. अंगठ्याचा हा सांधा मात्र मुख्यतः बिजागरीसारखा चालतो.

आता महत्त्वाचं. सैल अस्थिबंध काही आठवडे तसाच राहिला तर आखडतो. हाताचं हाड मोडलं आणि हे सांधे सरळ ठेवून प्लास्टर घातलं, तर हाड जुळतं, पण मूठ मिटत नाही. मग पिशवी धरणंही अवघड. म्हणून डॉक्टर बहुधा मनगट थोडं मागे, हे सांधे 70 ते 90 अंशांत वाकलेले आणि पुढची पेरं सरळ, असा हात बांधतात. पुढच्या सांध्यांचं गणित उलटं आहे: ते वाकलेले राहिले तर आखडतात.

हात असा बांधलेला बघून घरच्यांना वाटतं, बिचाऱ्याचा हात अवघडला असेल, जरा सरळ करू. तसं करू नका. बोटं सरळ करणारी कंडरा तुटली असेल, तर डॉक्टर मुद्दाम वेगळी स्थिती निवडतात. आपण त्यांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: कोणती बोटं हलवायची आणि कधीपासून?

ही बोटं ओढणारे मोठे स्नायू हातात नसतातच, ते कोपराखाली असतात. पुढच्या व्याख्यानात त्यांच्याकडे वळू.